जुन्या बाईकचा पेट्रोल कॉक गळतोय, बोल्ट आवळले तरी थांबत नाही

जुनंचसोनं:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी शंभर सीसीची फोर-स्ट्रोक बाईक आहे, कार्बोरेटरवाली, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) साधा हाताने फिरवायचा, ऑन, रिझर्व आणि ऑफ असा. गेले काही दिवस रात्री उभी केली की सकाळी कॉकच्या खाली इंजिनवर ओला डाग दिसतो आणि पेट्रोलचा वास येतो. गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी कॉकचे दोन्ही बोल्ट करकचून आवळून दिले, एक दिवस बरं वाटलं आणि नंतर आधीपेक्षा जास्त ठिबकायला लागलं. आता कोणी म्हणतंय नवीन कॉक टाक, कोणी म्हणतंय बाहेरून पुट्टी लाव. मला शक्यतो स्वतः खोलून नीट करायचंय, पाने आहेत, वेळ आहे, फक्त सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. जाणकारांनी सांगा प्लीज.

पाना_दहाचा:
सुरुवात खोलण्यापासून नाही, शोधण्यापासून करा. कॉक गळतोय असं आपण म्हणतो पण त्या एवढ्याशा भागात गळायच्या जागा चार-पाच आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. टाकी आणि कॉक जिथे मिळतात तिथली ओ-रिंग, म्हणजे सील करणारी गोल रबरी कडी. ते दोन बोल्ट, कारण बऱ्याच टाक्यांमध्ये बोल्टची भोकं आरपार टाकीच्या आत उघडतात आणि पेट्रोल आट्यांवरून उतरत बोल्टच्या डोक्याखालून बाहेर येतं. मग दांडी, म्हणजे जो लिव्हर फिरवतो त्याच्या मागचं रबर. कॉकच्या खाली गाळ साठायची वाटी असेल तर वाटीची ओ-रिंग. आणि शेवटी पेट्रोल नळी, जी कॉकच्या तोंडावर कडक होऊन चिरलेली असते आणि दोष मात्र कॉकवर जातो.

पेट्रोल एका जागी गळतं आणि ओघळत जाऊन दुसऱ्याच जागी थेंब धरतं, म्हणून नुसतं थेंब कुठून पडतोय ते बघून काही ठरवू नका. कॉक कापडाने खडखडीत कोरडा करा, सगळीकडे खडूची पूड किंवा टाल्कम पावडर मारा आणि चांगला टॉर्च घेऊन थांबा. पूड पहिल्यांदा जिथे ओली होते ती खरी जागा. टॉर्च बॅटरीचाच, मेणबत्ती-लायटर अजिबात जवळ नको हे सांगायला नको पण तरी सांगतो. जुना तपकिरी चिकट डागही बघा, पेट्रोल उडून गेल्यावर मागे जो राप राहतो तो गळतीचा माग दाखवतो.

ही परीक्षा तिन्ही पोझिशनला करा, ऑफला, ऑनला आणि रिझर्वला. कुठल्या पोझिशनला गळतं आणि कुठल्या नाही यावरून अर्धं निदान होतं.

रानवारा:
बाहेरून पुट्टी लावणाऱ्याचं ऐकू नका. ओल्या किंवा पेट्रोलचा हात लागलेल्या धातूवर एपॉक्सी धरतच नाही, वरवर धरल्यासारखी वाटते आणि मागून पेट्रोल तिला सोडवत राहतं. आणि समजा धरलीच तर पुढच्या वेळी कॉक खोलायचा कसा? सिलिकॉनची ट्यूब पण तशीच, साधा सिलिकॉन गॅस्केट मेकर पेट्रोलमध्ये फुगतो, मऊ होतो, त्याचे तुकडे सुटतात आणि थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतात. मग गळती राहते बाजूला आणि गाडी मिसिंग करायला लागते. टेफ्लॉन टेपचे धागे पण तेच करतात.

आटेदुरुस्ती:
आवळल्यावर जास्त गळायला लागलं हे वाचून मला जवळजवळ खात्री आहे की फ्लँज, म्हणजे कॉकचा टाकीला टेकणारा सपाट भाग, वाकलाय. कॉकची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते, मऊ. दोन टोकांना दोन बोल्ट आणि मधे ओ-रिंग. टोकं जास्त ओढली की कान टाकीकडे झुकतात आणि मधला भाग, जिथे खरं सील व्हायला हवं, तो उचलला जातो. जितकं आवळाल तितकी फट वाढते. त्यात ओ-रिंग जुनी कडक झालेली असेल तर ती फट भरून काढायची तिची ताकदच नसते.

दुसरी काळजी टाकीतल्या आट्यांची. ते सहा एमएमचे बोल्ट असतात, दहाच्या पान्याने लागणारे, आणि टाकीत जिथे ते जातात ती छोटी पट्टी पातळ असते. तिथले आटे गेले की काम चारपट वाढतं. त्यामुळे आता आणखी एक सूतही आवळू नका.

जुनंचसोनं:
सगळ्यांचे आभार. पावडरवाली परीक्षा केली. ऑनला आणि रिझर्वला वरती टाकीच्या जोडाजवळ पावडर आधी ओली होते, आणि दांडीच्या मागूनही हलकी ओल येते. ऑफला वरचं तसंच गळतंय, दांडीकडे मात्र फार कमी. अजून एक गोष्ट लक्षात आली, कॉक ऑफ करून पेट्रोल नळी कार्बोरेटरकडून काढली तरी नळीतून थेंब थेंब येतच राहतं. म्हणजे ऑफ पूर्ण बंद होतच नाहीये का?

पाना_दहाचा:
हो, आणि आता मी म्हणेन की बाहेरची गळती दुय्यम, ही आतली गळती आधी. बाहेर गळतं ते दिसतं, वास येतो, माणूस काहीतरी करतो. ऑफला आतून पास होणारं पेट्रोल दिसत नाही. ते कार्बोरेटरपर्यंत येऊन फ्लोटच्या सुईवर (तरंगत्या फ्लोटने बंद होणारी छोटी झडप) थांबतं, आणि ती सुई जोवर नीट बसलीये तोवर सगळं ठीक. एका रात्री सुईखाली गंजाचा बारीक कण अडकला की पेट्रोलला अडवणारं कोणीच नाही. नशीब चांगलं असेल तर ओव्हरफ्लोच्या नळीने जमिनीवर जातं. कार्बोरेटर इंजिनपेक्षा थोडा वर आणि तिरका असेल तर इनटेकमधून सिलेंडरमध्ये, तिथून रिंगांच्या फटीतून खाली ऑईलमध्ये.

आत्ताच्या आत्ता ऑईलची डिपस्टिक काढून वास घ्या आणि लेव्हल बघा. लेव्हल आपोआप वाढलेली असेल, ऑईल पातळ वाटत असेल, पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी अजिबात चालू करू नका, ऑईल बदला. पेट्रोल मिसळलेल्या ऑईलची फिल्म टिकत नाही, बेअरिंग आणि कॅम पहिले जातात. आणि कधी किक मधेच दगडासारखी अडकली तर जोर लावून मारू नका, सिलेंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असू शकतं आणि द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढायचा, इग्निशन बंद ठेवायचं, मग हळूहळू किक फिरवून बाहेर काढायचं.

जुनंचसोनं:
ऑईल बघितलं, लेव्हल बरोबर आहे, वास नाही. हुश्श. आता टाकी उतरवून कॉक काढतो. उतरवताना काय काळजी घेऊ?

रानवारा:
मोकळ्या हवेत करा, शेडमध्ये किंवा तळघरात नको. पेट्रोल उणे चाळीस डिग्रीलासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते त्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि लांब कुठेतरी ठिणगी सापडली तर तिथून पेट घेत मागे येते. गीझरची ज्योत, फ्रिजचं स्विच, ग्राइंडर, मोबाईल चार्जरचा प्लग काढणं-घालणं हे सगळं लांब. बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा. पेट्रोल धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच असलेल्या कॅनमध्ये उतरवा, पाण्याच्या बाटलीत नको, कोणीतरी पाणी समजून उचलतं. घरात लहान मुलं असतील तर हे जास्तच बघा.

कॉक रिझर्वला ठेवून नळीने उतरवा म्हणजे जास्तीत जास्त निघेल, तरी तळाला थोडं उरतंच. टाकी जाड कापडावर कॉक वरच्या बाजूला येईल अशी आडवी ठेवली की उरलेलं अंगावर येत नाही, फक्त झाकणाच्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, गळतंय का ते बघा.

किकमास्तर:
बोल्ट काढताना त्याखालचे वॉशर जपून ठेवा. ते साधे वॉशर नसतात, फायबरचे किंवा नायलॉनचे किंवा मऊ अ‍ॅल्युमिनियमचे असतात, बोल्टच्या डोक्याखाली सील करायला. गॅरेजमध्ये कोणीतरी कधीतरी ते हरवून लोखंडी वॉशर टाकलेले असतात आणि मग आयुष्यभर बोल्टखालून पाझरतं.

दांडीच्या पट्टीचे दोन छोटे स्क्रू असतात त्यांची डोकी खराब करू नका. जपानी पद्धतीच्या स्क्रूला साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर पूर्ण बसत नाही, वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. बरोबर मापाचं टोक घ्या, आधी गंज सोडवायचं तेल लावून ठेवा, टोक खाचेत ठेवून मागून हातोडीची हलकी टिचकी द्या आणि मग दाबून फिरवा. काही कॉकना स्क्रूऐवजी रिव्हेट असतात, ती कंपनीने न खोलण्यासाठीच केलेली असतात पण ड्रिलने उडवून त्याच भोकात आटे पाडून छोटे स्क्रू टाकता येतात. हातात आटे पाडायची सवय असेल तरच.

चोक_ओढा:
मी वेगळं मत मांडतो. एवढी मेहनत कशाला, पूर्ण कॉक नवीन मिळतो तो टाका आणि मोकळे व्हा. ज्याला रोज गाडी लागते त्याने जुन्या रबराशी खेळू नये.

आटेदुरुस्ती:
नवीन टाकायला माझा विरोध नाही पण नवीन म्हणजे चांगला असं नाही ना. मूळ कंपनीचा मिळाला तर डोळे झाकून टाका. बाजारातले कॉपी कॉक हातात घेऊन बघा, फ्लँज सपाट नसतो, आतलं रबर साधं असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतली उभी नळी जुन्याच्या उंचीची नसते. ती उंचीच ठरवते की रिझर्वला किती पेट्रोल राहणार. आणि कॉक नवीन टाकला तरी टाकीत गंज तसाच असेल तर तो गंज नवीन रबर पण कापणार. म्हणून आधी जुना खोलून बघा, बॉडी शाबूत असेल तर तीच चांगली.

बॉडी कधी टाकून द्यायची ते सांगतो. आत पांढरी पूड धरून धातूला खड्डे पडलेत, किंवा जी पितळी तोटी नळीला जोडायची ती बॉडीत हलते, किंवा रबर जिथे टेकतं त्या जागेवर खोल खड्डा आहे. या तिन्हीवर उपाय करत बसू नका.

जुनंचसोनं:
काढला एकदाचा. आता बघतो तर ओ-रिंग अक्षरशः प्लास्टिकसारखी कडक, काढताना तुटली. फ्लँज काचेवर ठेवला तर मधे उजेड दिसतो, म्हणजे वाकलाय हे खरं. दांडीमागचं चार भोकांचं रबर बाहेर आलं, त्याच्यावर गोल गोल चरे पडलेत आणि एका भोकाच्या कडेला फुगवटा आहे. उभ्या नळीवरची जाळी फाटलेली, वाटीत तांबडा गाळ आणि तळाला पाण्याचे गोळे. सगळंच वाईट आहे की.

पाना_दहाचा:
वाईट नाही, उलट सगळ्याचा एकमेकांशी संबंध लागला. जाळी फाटली म्हणून गंज खाली आला, गंजाचे कण रबर आणि दांडीच्या मधे अडकले, दांडी फिरवली की ते रबरावर रेघ मारत गेले आणि त्या रेघेतून ऑफला पेट्रोल पास होतंय. त्या चार भोकांच्या रबराचं काम समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. रबर बॉडीत घट्ट बसलेलं असतं, फिरत नाही. त्यातली तीन भोकं लक्षात घ्या, एक उभ्या नळीला, एक खालच्या रिझर्वच्या तोंडाला, एक बाहेर जाणाऱ्या वाटेला. दांडीच्या आतल्या तोंडावर एक खाच असते, ती दोन भोकं जोडते. ऑनला उभी नळी आणि बाहेरची वाट, रिझर्वला खालचं तोंड आणि बाहेरची वाट, ऑफला खाच कोऱ्या जागी. वरून लाटेसारखा वाकडा स्प्रिंग वॉशर दांडीला रबरावर दाबून धरतो. म्हणजे सगळं सील एका सपाट रबरावर आणि एका सपाट दांडीच्या तोंडावर, बस्स. दोन्हीपैकी एकावर चरा पडला की बंद म्हणजे बंद राहत नाही.

काम असं करा. काच घ्या, जाड, सपाट. तिच्यावर सहाशे नंबरचा पॉलिश पेपर, थोडं तेल किंवा पाणी, फ्लँज खाली तोंड करून आठच्या आकड्यात फिरवा. जोर लावायचा नाही, पेपरला काम करू द्या. मधे मधे पुसून बघा, चकचकीत भाग कडांकडून मधे सरकत येईल. ओ-रिंगच्या खाचेभोवती सगळीकडे सारखी चकाकी आली की थांबा, खाच उथळ होईपर्यंत घासू नका. मग हजार नंबरने शेवटचा हात. दांडीचं तोंड फक्त बारीक, हजार ते दोन हजारने, चरे जाईपर्यंतच. वाकडा वॉशर दबून सपाट झाला असेल तर तो बदला किंवा काळजीने थोडा वाकवा, कित्येकदा नुसत्या त्यानेच दांडीमागची गळती थांबते.

झाल्यावर सगळी भोकं साबणपाण्याने आणि हवेने नीट साफ करा, घासण्याची पूड आत राहिली तर केलेलं सगळं वाया.

सायलेन्सर:
रबराबद्दल थोडं माझ्याकडून. पेट्रोल पूर्वीचं राहिलेलं नाही, आता त्यात इथेनॉल असतं, वीस टक्क्यांपर्यंत. जुन्या गाड्यांची रबरं त्या हिशोबाने बनलेली नाहीत. नायट्राईल रबर साध्या पेट्रोलला चांगलं टिकतं पण इथेनॉल आणि पेट्रोल मिळून त्याला फुगवतात, आणि गाडी उभी राहून वाळलं की ते आक्रसतं, कडक होतं, तडकतं. तुमच्या रबराचा फुगवटा त्यातलाच असणार. व्हायटॉनच्या (इंधनाला टिकणारं खास रबर) ओ-रिंग मिळाल्या तर त्याच घ्या, महाग असतात पण या कामाला त्यांच्यासारखं दुसरं नाही. पाण्याच्या नळाची किंवा ब्रेकच्या कामातली ओ-रिंग मापाची मिळाली म्हणून टाकू नका, त्यातल्या बऱ्याच ईपीडीएम नावाच्या रबराच्या असतात आणि ईपीडीएम पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होतं.

कशाची आहे हे ओळखता येत नसेल तर सोपं आहे, एक ओ-रिंग जास्तीची घ्या, झाकणाच्या काचेच्या बरणीत पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी न बुडवलेल्या दुसरीशी ताडून बघा. फुगली, लांबली, मऊ झाली तर ती आपल्या कामाची नाही.

पाण्याचे गोळेही त्यामुळेच. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, एका मर्यादेबाहेर पाणी झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला वेगळं बसतं, आणि टाकीचा तळ म्हणजे कॉकची जागा. महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर एक तर टाकी काठोकाठ भरून ठेवा म्हणजे ओलसर हवेला जागाच राहत नाही, नाहीतर पूर्ण रिकामी आणि कोरडी करून आत तेलाचा हात फिरवून ठेवा. अर्धवट टाकी सगळ्यात वाईट.

जुनंचसोनं:
चार भोकांचं रबर सुटं मिळत नाहीये. शीटमधून कापून चालेल का? की उलटं करून टाकू, मागची बाजू चांगली दिसतेय.

किकमास्तर:
काही कॉकमध्ये उलटं बसतं, काहींमध्ये मागे खुंट्या असतात त्यामुळे बसत नाही. बसलं तर तात्पुरतं चालतं पण फुगलेलं रबर आहे, त्यावर कायमचा भरवसा नको. नायट्राईलच्या शीटमधून कापता येतं, जाडी मात्र जुन्या न झिजलेल्या कडेइतकीच हवी. खाचेतून रबर किंचित, अगदी नखाला लागेल इतकंच वर दिसायला हवं. जास्त जाड झालं तर दांडी फिरवायला जड जाते आणि रबर पिळवटून फाटतं, पातळ झालं तर वॉशरचा दाब पोचत नाही. भोकं कात्रीने नको, धारदार पाईप पंचने पाडा, कडा फाटक्या राहिल्या की तिथूनच गळतं. बसवताना तेलाचा एक थेंब, ग्रीस नको, साधं ग्रीस पेट्रोलमध्ये विरघळतं आणि खाली जातं.

पाना_दहाचा:
ज्यांचा कॉक जास्त विकला जाणाऱ्या मॉडेलचा आहे त्यांनी आधी रिपेअर किट शोधा, त्यात रबर, दोन्ही ओ-रिंग, वाकडा वॉशर सगळं येतं. दुसऱ्या गाडीच्या किटमधलं रबरही बसू शकतं, भोकांचं अंतर आणि बाहेरचा व्यास ताडून बघायचा.

गंजलेली_टाकी:
टाकीचं काय करताय ते कोणी बोललंच नाही. तांबडा गाळ आहे म्हणजे आत गंज चालू आहे. नवीन जाळी, नवीन रबर टाकाल आणि पुढच्या सीझनला परत इथेच याल. कमी गंज असेल तर टाकीत सायट्रिक अ‍ॅसिडचं कोमट पाणी भरून ठेवा, गंज जितका जाड तितका वेळ जास्त, मधे मधे बघत राहा. कॉकची जागा लाकडी किंवा रबरी बुचाने बंद करा, कॉक लावून अ‍ॅसिड भरू नका, बॉडी खाऊन टाकेल. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, मग लगेच सुकवा. लगेच म्हणजे खरंच लगेच, साफ झालेलं उघडं लोखंड बघता बघता परत तांबडं होतं. गरम हवा मारून सुकवताना आत पेट्रोलची वाफ उरलेली नसावी, आधी साबणपाण्याने भरपूर वेळा धुतलेली हवी.

आणि टाकीच्या शिवणीला किंवा कॉकच्या बैठकीला पिनहोल दिसलं तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच घेऊन जाऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. धुतलेली टाकीही सुरक्षित समजू नये, हे काम ज्याला माहीत आहे त्यानेच करायचं.

चोक_ओढा:
बरं, माझ्या दुसऱ्या गाडीला व्हॅक्यूमवाला कॉक आहे, त्याला ऑफच नाहीये, ऑन, रिझर्व आणि प्राईम. तो गळतो तेव्हा पण हेच सगळं का?

आटेदुरुस्ती:
टाकीच्या जोडाचं आणि दांडीचं तेच, पण त्यात एक पडदा जास्तीचा असतो. इंजिन फिरलं की इनटेकमधून बारीक नळीने ओढ येते, पडदा उचलला जातो, पेट्रोल चालू. इंजिन बंद, पडदा बंद, म्हणून ऑफची गरज नाही. तपासायला दोन्ही नळ्या काढा, ऑनला ठेवा, पेट्रोल यायला नको. मग व्हॅक्यूमच्या तोंडाला मोठी सिरिंज लावून ओढा, यायला लागलं पाहिजे आणि ओढ धरून ठेवली तर येत राहिलं पाहिजे. तोंडाने ओढू नका. व्हॅक्यूमच्या बारीक नळीतच पेट्रोल सापडलं तर पडदा फाटलाय, मग ते थेट इनटेकमध्ये जातं, गाडी काळा धूर मारते, ॲव्हरेज पडतं आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो. पडद्याच्या मागच्या झाकणाला एक बारीक भोक असतं ते बुजवू नका, हवा यायला-जायला लागतं, तिथून पेट्रोल येत असेल तरी दोष पडद्याचाच. आणि प्राईमला गाडी कधी सोडून जाऊ नका, प्राईम म्हणजे पडद्याला वळसा घालून सतत उघडं.

सायलेन्सर:
ज्यांच्याकडे अजून बुचाच्या प्लंजरचा ओढ-ढकल कॉक असलेली खूप जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी, टाकी बरेच दिवस कोरडी राहिली की बूच आक्रसतं आणि गळतं. बाहेर काढून गरम पाण्यात भिजवलं की परत फुगतं, बऱ्याच वेळा तेवढ्यावर काम होतं. नाही झालं तर नवीन बूच, किंवा काही जण त्या जागी व्हायटॉनच्या ओ-रिंग बसवतात. आणि एकच मोठा नट असलेले जे कॉक असतात त्यात कधीकधी नटच्या एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटे आटे असतात. असा नट दोन्हीकडे एकाच वेळी धरवावा लागतो. एकीकडे जास्त चढवून मग दुसरीकडे लावायला गेलात तर अर्ध्यातच अडकतो आणि लोक जोर लावून आटे घालवतात.

जुनंचसोनं:
अपडेट देतो. फ्लँज काचेवर घासून सपाट केला, उजेड दिसायचा बंद झाला. व्हायटॉनची ओ-रिंग मिळाली, वाटीची पण बदलली, बोल्टखाली नवीन फायबर वॉशर टाकले. दुसऱ्या मॉडेलच्या किटमधलं चार भोकांचं रबर तंतोतंत बसलं, दांडी आता लोण्यासारखी फिरते. टाकी सायट्रिकने साफ केली, नवीन जाळी घातली. जोडण्याआधी टेस्ट कशी करू?

पाना_दहाचा:
गाडीवर चढवण्याआधीच करा. टाकी लाकडी ठोकळ्यांवर अधांतरी ठेवा, खाली वर्तमानपत्र पसरा, आत तळ झाकेल आणि उभी नळी बुडेल इतकंच पेट्रोल घाला. ऑफला नळी उघडी ठेवून तिच्या तोंडाशी कागद, त्यावर रात्रभर थेंब पडायला नको. वर्तमानपत्रावरचे थेंब सुकतात पण डागाची कड राहते त्यामुळे सकाळी कळतं. मग ऑनला आणि रिझर्वला नळीच्या तोंडाला बूच मारून तेवढाच वेळ, कारण दाब आला की जे गळायचं ते तेव्हाच गळतं. जागा मोकळी हवी, घरात नको.

बोल्ट आवळताना दोन्ही हाताने टेकवून घ्या आणि मग आळीपाळीने थोडं थोडं, लहान पान्याने मनगटाच्या जोराने, बास. ओ-रिंग दबली की तिचं काम झालं, बोल्टचं काम फक्त तिला तिथे धरून ठेवायचं.

रानवारा:
नवीन पेट्रोल नळी पण टाकाच, एवढं केलंय तर. जुनी नळी चिमटीत वाकवून बघा, बाहेरून बारीक तडे दिसतील. पेट्रोलसाठीच असलेली, आतल्या मापाची, आणि नळी कुठे वर चढून परत खाली येत नाही असा रस्ता काढा, नाहीतर चढावात हवा अडकते आणि गाडी चालता चालता उपाशी पडते. इनलाईन फिल्टर लावणार असाल तर पंप नसलेल्या गाडीसाठीचा घ्या, पंपवाल्या गाडीचा कागदी फिल्टर नुसत्या उंचीच्या दाबाने पुरेसं पेट्रोल सोडत नाही.

जुनंचसोनं:
टेस्ट पास, तिन्ही पोझिशनला कागद कोरडा. गाडीवर चढवली, चालू आहे, वास पूर्ण गेला. फक्त एक नवीन गोष्ट, काल पेट्रोल संपत आलं तेव्हा ऑनवर बंद पडली, रिझर्वला टाकली तरी चालू झाली नाही. टाकी हलवली तर आत थोडं पेट्रोल वाजतंय.

आटेदुरुस्ती:
गाडी बंद पडून रिझर्वला काहीच न मिळणं म्हणजे तीन गोष्टी. रिझर्वचं तोंड नवीन जाळीच्या बुडाने किंवा गाळाने झाकलंय. किंवा उभी नळी बॉडीत जिथे रोवलेली असते तिथे सैल किंवा चिरलेली, मग ऑनवरच ती खालून पेट्रोल पिऊन घेते आणि रिझर्वला काही शिल्लकच ठेवत नाही. किंवा दुसऱ्या मॉडेलचं रबर घातलंय त्याचं रिझर्वकडचं भोक थोडं सरकलेलं असेल.

ओळखायला थोडं पेट्रोल घाला, नळी कार्बोरेटरकडून काढून कॅनमध्ये सोडा आणि ऑनवर ठेवा. पेट्रोल आत असताना मधेच थांबलं, म्हणजे उभी नळी बरोबर आहे. मग रिझर्वला फिरवा. धार परत जोरात आली तर कॉक ठीक, दोष पुढे. बारीक आली तर जाळी किंवा भोक अर्धवट झाकलंय. ऑनवरच तळापर्यंत रिकामी झाली तर नळी चिरलीये. हे करताना एकदा टाकीचं झाकण उघडून धार वाढते का तेही बघा, वाढली तर झाकणाचा व्हेंट बुजलाय, साफ करताना त्यात गंजाचं पाणी जाऊन बसणं सहज शक्य आहे.

जुनंचसोनं:
ऑनवर मधेच थांबलं, रिझर्वला बारीक धार, झाकण उघडून काही फरक नाही. कॉक काढला तर नवीन जाळीची प्लास्टिकची कडी रिझर्वच्या तोंडावर अर्धी आलेली. कडी त्या बाजूने ब्लेडने कापून काढली, कापलेल्या कडेचे बारीक कंगोरे साफ करून घेतले आणि परत बसवली. त्याच ओ-रिंगवर परत लावलाय, चालेल ना?

पाना_दहाचा:
दोन-चार दिवसच बसलेली व्हायटॉन परत चालते, चपटी झालेली किंवा कापलेली नसली म्हणजे झालं. बोल्टखालचे फायबर वॉशर मात्र एकदा दबले की दुसऱ्यांदा तसं सील करत नाहीत, तेवढे बदला, आणि बदलल्यावर परत एक रात्र कागद लावून बघा.